मॅट काळा रंग आणि पेट्रोलचा थेंब

मोटारसायकलच्या टाकीला चकाकी नसलेला, म्हणजे मॅट, काळा रंग द्यावा आणि पेट्रोल सांडले तरी तो डागाळू नये, उकलू नये, ही मागणी ऐकायला साधी असली तरी तिच्या पोटात एकमेकींना छेद देणाऱ्या दोन अपेक्षा आहेत. दुसऱ्या महायुद्धात लष्करी मोटारसायकलींना मॅट रंग दिला जाई तो उन्हात चमकून त्या दुरून नजरेस पडू नयेत म्हणून. आज तोच निस्तेजपणा शोभेसाठी मागितला जातो, आणि रॉयल एनफील्डने २०१७ मध्ये क्लासिक ५०० ही गाडी ‘स्टेल्थ ब्लॅक’ या मॅट रंगात आणल्यानंतर कारखान्यातून तशाच रंगात बाहेर पडणाऱ्या गाड्या रस्त्यावर सर्रास दिसू लागल्या. हौशी मालक मात्र जुन्या टाकीवर तोच परिणाम साधू पाहतो, आणि तिथे मतभेद सुरू होतात. पुणे, पिंपरी-चिंचवड परिसरात या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी शेजारी शेजारी नांदतात. एक भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातली, भट्टीत भाजलेल्या पावडर कोटिंगवर विश्वास ठेवणारी; दुसरी डेंटिंग-पेंटिंगच्या गाळ्यातली, स्प्रे गन आणि हार्डनर यांच्यावर भिस्त ठेवणारी. प्रस्तुत लेखात या दोन दृष्टी अभियंता आणि कारागीर या दोन कल्पित पात्रांच्या तोंडून मांडल्या आहेत.

अभियंता : मिस्त्री, टाकीला हात घालण्यापूर्वी मॅट म्हणजे काय हे ठरवून घेतलेले बरे. पृष्ठभाग गुळगुळीत असला की त्यावरचा प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि चकाकी दिसते. तोच पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर उंचसखल असला की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रंग निस्तेज वाटतो. ही चकाकी ग्लॉसमीटरने, बहुधा ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून मोजतात. गुळगुळीत काळ्या काचेचे माप १०० एकक धरले, तर मॅट रंगाचे माप १० च्या आसपास किंवा त्याहून खाली येते. असा उंचसखलपणा आणण्यासाठी रंगात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात, आणि द्रावक उडून थर आक्रसला की ते कण पृष्ठाशी वर येतात. पेट्रोल रोखायचे तर थर सलग, बंद आणि राळेने भरलेला हवा. मॅट दिसायचा तर तो कणांनी भरलेला हवा. तेव्हा या दोन गुणांचे मुळातच वाकडे आहे, आणि शहाण्याने मॅटचा हट्ट सोडून अर्धचकाकी, म्हणजे सॅटिन, रंगावर समाधान मानावे.

कारागीर : साहेब, व्याख्या मान्य, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. पेट्रोलचे वाकडे मॅटशी नाही, स्वस्त मॅटशी आहे. दुकानात मिळणारा साधा स्प्रेचा डबा घेतला, तर त्यात काळे रंगद्रव्य आणि भराव भरपूर असतात, आणि त्यांना धरून ठेवणारी राळ, जिला बाइंडर म्हणतात, ती जेमतेम असते. म्हणून तो रंग पटकन झाकतो, पटकन वाळतो आणि पहिल्याच पेट्रोल भरण्यात टाकीच्या तोंडाशी पुसून निघतो. तो डबा पाहून सगळ्या मॅट रंगांना नावे ठेवणे रास्त नाही.

अभियंता : त्या उणिवेला रंगशास्त्रात नाव आहे. रंगद्रव्याचे थरातील घनफळ वाढत वाढत एका टोकाला पोहोचले की कणांमधल्या फटी भरण्यापुरतीही राळ उरत नाही, तिच्या जागी हवा राहते आणि थर सच्छिद्र होतो. या मर्यादेला रंगद्रव्याचे क्रांतिक घनफळ-प्रमाण म्हणतात. ही मर्यादा ओलांडलेला रंग पेट्रोल शोषून घेतो आणि ते थेट प्रायमरपर्यंत, पुढे पत्र्यापर्यंत पोहोचवतो. परंतु सच्छिद्रता हा अर्धाच दोष झाला. अशा डब्यातील राळ केवळ द्रावक उडून सुकते, तिच्यात रासायनिक बदल होत नाही, आणि जे द्रावक उडाल्याने घट्ट झाले ते द्रावक परत भेटताच सैल होते. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने मोटारींसाठी आणलेला ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग याच जातीचा होता.

कारागीर : म्हणूनच टाकीसाठी टू-के रंग वापरायचा. टू-के म्हणजे दोन घटकांचा: एका डब्यात ॲक्रिलिक राळ, दुसऱ्यात आयसोसायनेट जातीचा हार्डनर. दोन्ही मिसळल्यावर राळेच्या साखळ्या एकमेकींशी रासायनिक बंधांनी जखडल्या जातात आणि पॉलियुरेथेनची जाळी तयार होते. गूळ पाण्यात टाकला तर विरघळून जातो, हरभरा भिजत घातला तर फार तर फुगतो. साधा रंग आणि टू-के यांच्यात पेट्रोलपुढे नेमका तेवढा फरक आहे.

अभियंता : फुगणे हेदेखील नुकसानच आहे, कारण फुगलेला थर खालच्या थरावरची पकड सोडू शकतो. शिवाय पेट्रोल आता पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात टोल्युईन, झायलीन यांसारखी ॲरोमॅटिक द्रव्ये आधीपासून आहेतच, आणि तीच द्रव्ये थिनरमध्येही असतात. त्यात इथेनॉलची भर पडली. २०२२ मध्ये देशातील मिश्रणाचे प्रमाण १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत गेले. हे इथेनॉल रासायनिक दृष्ट्या ध्रुवीय आहे, म्हणजे त्याचे रेणू पाण्याशी सलगी करतात, तर पेट्रोलमधील हायड्रोकार्बन अध्रुवीय आहेत. परिणामी एकाच थेंबात दोन स्वभावांची द्रावके नांदतात, आणि एकाला दाद न देणारी राळ दुसऱ्यामुळे मऊ पडू शकते. जुन्या पेट्रोलवर टिकलेला रंग नव्यावर टिकेलच असे गृहीत धरता येत नाही. चाचणी नव्या पेट्रोलनेच घ्यावी लागते.

येथवर दोघांचे भांडण रंगाच्या जातीपुरते असून, रासायनिक जाळीशिवाय इंधनरोध नाही, हे दोघांनाही मान्य आहे. खरा मतभेद ती जाळी कोणत्या मार्गाने घडवावी याविषयी आहे.

अभियंता : जाळीच हवी असेल तर पावडर कोटिंगइतका खात्रीचा मार्ग नाही. कोरडी पावडर विद्युत्भार देऊन पत्र्यावर चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला दहा ते वीस मिनिटे भाजतात. ती वितळते, पसरते आणि भट्टीतच पक्व होते. थर ६० ते ८० मायक्रॉनचा मिळतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याआधी तेलकटपणा काढणे, गंज काढणे, फॉस्फेटचा थर चढवणे आणि मध्ये मध्ये धुणे अशी टाक्यांची रांग असते, जिला कारखान्यात ‘सेव्हन टँक प्रोसेस’ म्हणतात. तिच्यामुळे रंगाला पत्र्यावर बूड मिळते, आणि मॅटपणासाठी वेगवेगळ्या वेगाने पक्व होणाऱ्या दोन पावडरी एकत्र केल्या की भागते. हाताच्या लयीवर, हवेतल्या ओलाव्यावर काही सोडलेले नसते.

कारागीर : नव्या चौकटीला, स्टँडला, चाकाला पावडर उत्तम, याबद्दल वाद नाही. पण जुनी टाकी कोरी नसते. तिच्यावर पोचे असतात, ते पुट्टीने, म्हणजे लांबी भरून, सपाट केलेले असतात, आणि पॉलिएस्टरची पुट्टी २०० अंशांना तग धरत नाही. एखाद्याने गळती बंद करायला कथिल-शिशाचे डाख दिलेले असेल, तर ते १८३ अंशांच्या सुमारास वितळू लागते. रबरी वॉशर, प्लॅस्टिकचा पेट्रोल-मापक आणि टाकीच्या आत चढवलेले अस्तर यांची गत वेगळी सांगायला नको. भट्टीतून टाकी बाहेर येते ती काळी आणि देखणी, पण पोचे पुन्हा उघडे पडलेले असतात.

अभियंता : उष्णता सोसणाऱ्या, धातूची भुकटी घातलेल्या पुट्ट्या मिळतात.

कारागीर : मिळतात, पण आधीच्या माणसाने कोणती भरली हे पत्रा उघडा केल्याशिवाय कळत नाही. त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची, कारण हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीची वाट पाहणारे मिश्रण तयार होते, आणि ‘रिकाम्या’ टाकीत ते सहज असू शकते. नीट धुऊन वाफमुक्त न केलेली टाकी भट्टीत ढकलणे म्हणजे अपघाताला निमंत्रण.

अभियंता : टाकी धुऊन वाफमुक्त करणे दोन्ही मार्गांना सक्तीचे आहे, कारण घासताना ठिणगी पडते आणि तुमच्या गाळ्यात कॉम्प्रेसरची मोटरही असते. परंतु जुन्या टाकीला पावडर गैरसोयीची, हा मुद्दा मान्य करावा लागेल. त्यात आणखी एका उणिवेची भर घालणेही प्रामाणिकपणाचे होईल. विद्युत्भारित पावडर खोलगट कोपऱ्यांत नीट शिरत नाही, कारण तेथे विद्युतक्षेत्र क्षीण होते, आणि टाकीच्या झाकणाभोवतीचा खोलवा ही अशीच जागा आहे. पेट्रोल सांडते ते नेमके तिथेच, म्हणजे थर पातळ राहण्याची शक्यता जिथे अधिक, मारा तिथेच सर्वांत मोठा.

कारागीर : मग चर्चा त्या तोंडावरच आणली पाहिजे, कारण टाकीचा रंग मधून क्वचित जातो, तो कडेने जातो. नोझल काढताना गळालेला थेंब झाकणाच्या कडीखाली शिरतो, तिथे ओला राहतो, आणि बेस कोटची उघडी कड सापडली की तिच्याखालून आत सरकतो. बेस कोट म्हणजे काळा रंग देणारा थर. तो बहुधा हार्डनरशिवायचा असतो आणि त्याचे रक्षण वरचा क्लिअर कोट करतो. म्हणून झाकण आणि त्याचे रबर पूर्ण काढून घ्यावे. बेस कोट कडेच्या थोडा अलीकडेच थांबवावा आणि क्लिअर त्याच्या पुढे जाऊन खालच्या इपॉक्सी प्रायमरवर बसेल असा मारावा, म्हणजे बेसची कड क्लिअरच्या आत बंद होते. मास्किंग टेप नेमक्या कडेवर लावून ती रंग वाळल्यावर ओढली, तर क्लिअरचीच एक तीक्ष्ण पायरी उभी राहते आणि पेट्रोलला आत शिरायला वाट मिळते. झाकणाच्या खोलव्यात निचऱ्याचे भोक असेल तर ते रंगाने बुजू देऊ नये. ते बुजले की सांडलेले पेट्रोल तळ्यासारखे साचून राहते.

अभियंता : कडेची बाब पटली, पण मूळ आक्षेप जागच्या जागी आहे. वरचा क्लिअर मॅटच असणार, आणि मॅट क्लिअरमध्येही सिलिका असणारच.

कारागीर : म्हणून दोन कामे दोन थरांना वाटून द्यावीत. काळ्या बेसवर आधी साधा चकचकीत टू-के क्लिअर दोन हातांत मारावा. तो पूर्ण पक्व झाला की बारीक करड्या घासणीने त्याची चकाकी मारावी, धूळ पुसावी, आणि मग त्यावर मॅट क्लिअरचा थर चढवावा. पेट्रोल अडवायचे ते खालचा सलग थर अडवतो, निस्तेज दिसायचे काम वरचा थर करतो. वरचा थर डागाळला तरी रंग आणि पत्रा शाबूत राहतात.

अभियंता : बांधणी योग्य आहे, कारण तीत रोध आणि देखावा यांची गल्लत होत नाही. परंतु ग्राहकाला दिसतो तो वरचा थर, आणि डाग पडतो तोही तिथेच. या डागांचेही दोन प्रकार मानावे लागतील. पेट्रोलचा थेंब मॅट पृष्ठावर पडताच ती जागा गडद आणि चमकदार दिसते, कारण द्रवाने खळगे भरून पृष्ठ तात्पुरता गुळगुळीत केलेला असतो. थेंब उडाला की ती चमकही जाते. परंतु राळ मऊ पडून कणांचे उंचवटे बसले, किंवा त्या मऊ अवस्थेत फडक्याने घासले गेले, तर तीच चमक कायमची होते, आणि पॉलिश करून ती घालवता येत नाही, कारण पॉलिश चकाकी वाढवते. चकचकीत रंगावरची चूक घासून निघते. मॅटवरची चूक काढायला पूर्ण भाग पुन्हा रंगवावा लागतो.

कारागीर : त्यामुळेच मॅट मारताना हात अधिक सांभाळावा लागतो. सिलिका डब्याच्या तळाशी बसते, तेव्हा डबा नुसता हलवून भागत नाही, पट्टीने तळापासून ढवळावा लागतो. नाहीतर पहिली टाकी चमकते आणि शेवटची खडूसारखी निघते. हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने दिले असेल तेच, मापाच्या भांड्यात मोजून घ्यावे. डोळ्यांच्या अंदाजाने कमी टाकला तर जाळी अपुरी राहते आणि जास्त टाकला तर चकाकीचे माप बदलते. पहिला हात निस्तेज होऊ लागल्याशिवाय दुसरा मारला, तर द्रावक आत अडकून पट्टे पडतात. गनचे अंतर आणि फटक्यांचा एकमेकांवर येणारा भाग टाकीभर सारखा असावा, कारण जिथे रंग ओला आणि जाड पडला तिथली चकाकी वेगळी दिसते आणि ती नंतर जुळवता येत नाही.

अभियंता : हवेचेही तेच. आयसोसायनेटला पाण्याची ओढ असते. हवेतल्या ओलाव्याशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात सूक्ष्म फोड किंवा टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. कोकणातल्या आषाढात किंवा पुण्यातल्या झडीच्या दिवशी उघड्या गाळ्यात मारलेला टू-के म्हणूनच भरवशाचा नसतो. आणि हार्डनरच्या धुक्याचा धोका पावसापुरता नाही. आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. तोंडाला रुमाल बांधल्याने किंवा साधा धुळीचा मास्क लावल्याने ही वाफ अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि हवा ओढून घेणारी बंदिस्त जागा हवी. पावडरच्या बाजूने हा मुद्दा निर्विवाद आहे, कारण नेहमीच्या पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी पावडरीच्या कामात हार्डनरचे असे धुके उडतच नाही.

कारागीर : हा मुद्दा नाकारता येणार नाही, आणि बहुतेक गाळ्यांत त्याकडे दुर्लक्ष होते हेही खरे. ज्याच्याकडे तशी सोय नाही त्याने टू-के घरच्या अंगणात मारू नये.

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर दोन्ही पक्ष जवळ येतात आणि मग प्रश्न गाडीच्या इतर भागांकडे वळतो. चौकट, स्विंगआर्म, स्टँड हे भाग जाड पोलादाचे असल्याने त्यांना पावडर द्यावी, हे कारागीर मान्य करतो. पोचे सपाट केलेल्या टाकीला टू-के द्यावा, हे अभियंता मान्य करतो. सायलेन्सरसाठी मात्र दोन्ही निरुपयोगी ठरतात. तेथे सिलिकोन राळेचा उष्णतारोधक रंग लागतो, आणि त्यातले काळे रंगद्रव्य हे साध्या काजळीचे नसून उष्णता सोसणाऱ्या धातू-ऑक्साइडांचे असावे लागते, कारण काजळी म्हणजे कार्बन, आणि तो पुरेशा तापमानाला हवेत जळून जातो. हा रंग टप्प्याटप्प्याने तापवल्याशिवाय पक्व होत नाही, आणि तोवर पेट्रोलने सहज निघतो. म्हणून ‘हीट-प्रूफ’ असे छापलेला डबा टाकीला ‘पेट्रोल-प्रूफ’ ठरेल, हा समज चुकीचा आहे.

अभियंता : आता खात्री कशी करायची तेवढे ठरू द्या. रंगवण्याच्या वेळीच त्याच पत्र्याचा एक तुकडा तेच थर देऊन बाजूला ठेवावा. सामान्य तापमानाला टू-केची जाळी पुरी व्हायला साधारण एक आठवडा लागतो. ६० अंशांच्या आसपास अर्धा तास भाजल्यास हे काम पुष्कळ लवकर पुढे जाते. त्यानंतर तुकड्यावर पंपावरच्याच पेट्रोलात भिजवलेला कापूस ठेवून तो वाटीने झाकावा, म्हणजे पेट्रोल उडून जाणार नाही, आणि काही वेळाने उचलून तीन गोष्टी पाहाव्यात: कापसाला काळा रंग लागला का, नखाने दाबल्यास ठसा उमटतो का, आणि सुकल्यावर त्या जागेची चकाकी शेजारच्या भागापेक्षा वेगळी दिसते का. कापूस काळा झाला तर रंग पक्व नाही किंवा मुळात टू-के नाही. ठसा उमटला तर जाळी विरळ आहे. नुसती चकाकी बदलली तर रोध पुरेसा आहे, पण मॅट थर हळवा आहे आणि ते ग्राहकाला आधी सांगायला हवे.

कारागीर : चाचणी चांगली आहे, पण ग्राहक त्या आठवड्याला तयार नसतो. रंग दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागतो, म्हणून तो गाडी घेऊन थेट पंपावर जातो, आणि अर्धवट पक्व रंगावर पेट्रोल पडले की दोष मिस्त्रीच्या माथी येतो. टाकी गाडीवर चढवतानाच पेट्रोल भरून द्यावे आणि आठवडाभर झाकणाला हात लावू नये असे सांगावे, एवढाच उपाय आहे.

अभियंता : पुढची निगाही त्याच वेळी सांगितली पाहिजे. सांडलेले पेट्रोल घासू नये, मऊ फडक्याने टिपून घ्यावे आणि ती जागा पाण्याने व सौम्य साबणाने धुवावी. मेण, पॉलिश आणि चकाकी आणणारे स्प्रे मॅट टाकीला वर्ज्य. शिवाय गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर रंग नमूद असतो, तेव्हा मूळ रंग बदलत असेल तर परिवहन कार्यालयात ती नोंद दुरुस्त करून घ्यावी.

एवढ्या वादानंतरही दोघांचे एका बाबतीत एकमत होत नाही. अभियंत्याच्या मते रोज वापराच्या गाडीला सॅटिन हाच विवेकी पर्याय, कारण चकाकी थोडी वाढू दिली की सिलिका कमी लागते, थर बंद राहतो आणि डाग लपतो. कारागिराच्या मते ग्राहकाने मॅट मागितला असताना सॅटिन देणे ही पळवाट आहे. जोखीम समजावून द्यावी, बांधणी नीट करावी आणि त्याला हवे तेच द्यावे. हा मतभेद मुळात रसायनशास्त्राचा राहिलेला नाही, तो डाग कोणी सोसायचा याचा आहे. जो मालक डाग पडल्यावर पूर्ण टाकी पुन्हा रंगवून घ्यायला तयार आहे, त्याच्यासाठी कारागिराचे म्हणणे ग्राह्य. ज्याला एकदा रंगवून विसरून जायचे आहे, त्याने अभियंत्याचे ऐकावे. इपॉक्सी प्रायमर, कड बंद करणारा क्लिअर, मोजून घातलेला हार्डनर आणि पक्वतेचा आठवडा या चार गोष्टींत मात्र दोघांपैकी कोणीही सूट देत नाही, आणि मॅट असो वा सॅटिन, त्यांतली एक जरी सुटली तरी रंग टाकीच्या तोंडापासून उकलायला लागतो.